तर्जनीचं नख

५ फेब्रुवारी, सोमवार

कोर्सच्या बाईंनी बजावलं होतं, प्रत्येक हाताची नोंद ठेवायची. नख कसं होतं, त्यावर काय लावलं, कधी काढलं. म्हणून ही वही आणली. आज काम सुरू झालं आणि दिवसभरात एकही हात आला नाही, तेव्हा स्वतःचाच लिहून टाकते. कालिपा, वय एक्कावन्न. नखं आखूड आणि रुंद, रंग बरा. बावीस वर्षं कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले, त्याची खूण म्हणून डाव्या बोटांवर सुईचे बारीक ठिपके. ऍक्रिलिकचं खोटं नख कधी लावलेलं नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा माझी लेक बेगायिम म्हणाली, "आपा, आता घरी बस. माझ्या औषधाच्या दुकानातल्या पगारात दोघी मायलेकींचं भागतं." मी आठ दिवस बसले. नवव्या दिवशी बिश्केकची गाडी पकडली आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींच्या वर्गात तीन महिने नखं शिकून आले. पोरी मला आजी म्हणायच्या. पण परीक्षेच्या दिवशी ब्रश त्यांचे थरथरले, माझा नाही.

सोनुनने तिच्या केस कापायच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल मला दिलंय. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला एजे म्हणते, म्हणजे मोठी बहीण, आणि धाकट्या बहिणीसारखीच छळते. आज संध्याकाळी झाडू मारताना म्हणाली, कराकोलमध्ये लोक अजून दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीत, नखांच्या डॉक्टरीण बाईंकडे कोण येणार? मी म्हटलं, ज्यांना दात नाहीत ते येतील.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं खरं काम. हालिमा. बाजारात आशलान-फूचा, म्हणजे गार आंबट नूडल्सचा, गाडा लावते. दिवसभर हात पिठाच्या पाण्यात नाहीतर व्हिनेगरमध्ये. पुतण्याचं लग्न आहे, तिला लांब लाल नखं हवीत. बोटं हातात घेतली तर नखं ओल्या कागदासारखी, टोकाला पापुद्रे सुटलेले. गेल्या वर्षी बाजारामागच्या एका दुकानात तिने ऍक्रिलिक लावून घेतलं होतं. तिथे आधी मशीनने नख घासून काढलं. लग्न आटोपल्यावर हिने घरी बसून एकेक ओढून उपटलं. उपटताना आपल्या नखाचा वरचा थर सोबत येतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तिला समजावलं की ऍक्रिलिक नखाला मारत नाही, मारते ती आपली घाई. लावताना जास्त घासलं की नख मरतं, काढताना ओढलं की मरतं, मधे पाणी शिरलं की मरतं. आखूड बसवली, लाल केली. काम करताना वर रबरी हातमोजे, आत सुती. रोज झोपायच्या आधी नखाच्या मुळाशी जर्दाळूच्या बियांचं तेल. काढायची वेळ आली की माझ्याकडे यायचं, मी कापूस ऍसिटोनमध्ये भिजवून, फॉइल गुंडाळून, अर्ध्या तासात अलगद उतरवीन.

हालिमाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिच्या सासूने नवऱ्याला तिच्या ताब्यात देताना एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज एक पुरुष आला. आत येऊन पाच मिनिटं टोप्यांच्या खुंटीकडेच बघत उभा राहिला. उजवा हात कोटाच्या खिशात. सोनुनने विचारलं, आगाय, केस कापायचेत का? सगळं गाव त्यांना आगाय म्हणतं, कारण तीस वर्षं ते संगीतशाळेत मुलांना कोमुज शिकवतात. एस्तेबेस हे त्यांचं नाव मला आज कळलं, वहीत लिहायला विचारलं तेव्हा. वय अठ्ठावन्न.

केसांसाठी नव्हते आले. माझ्यासमोर बसले आणि चोरीचा माल दाखवावा तसा हात बाहेर काढला. तर्जनीवर बाटलीच्या प्लास्टिकचा कापलेला तुकडा, चिकटवायच्या डिंकाने, म्हणजे बूट चिकटवतात त्याने, बसवलेला. कोमुजच्या तारा नखाने छेडायच्या. त्यांचं नख गेल्या वर्षीपासून सारखं फाटतंय. मे महिन्यात शाळेचा कार्यक्रम, त्यानंतर ते निवृत्त होणार. एका विद्यार्थिनीने सांगितलं की शहरात बायकांसाठी लोखंडासारखी नखं मिळतात.

डिंक सुटायला पाऊण तास लागला. खालचं नख पाहून मला वाईट वाटलं. पातळ, पांढुरकं, मधोमध चीर. मी स्पष्ट सांगितलं की यावर आज काहीही लावणार नाही. तीन आठवडे तेल लावा, टोक आखूड ठेवा, मग बघू. माणूस भांडेल असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांना सांगतोय की घाई करू नका. आज पहिल्यांदा मला कोणीतरी सांगितलं."

२७ फेब्रुवारी, मंगळवार

तीन आठवड्यांनी या म्हटलं होतं, आगाय आठव्या दिवशीच हजर. नख दाखवायला. आठ दिवसांत नख पाऊण मिलिमीटर वाढतं, त्यात दाखवण्यासारखं काय असतं? पण पुरुष दुखण्याला फार घाबरतात हे खरं. तपासून झाल्यावर त्यांनी डावा हातही पुढे केला. डाव्या हाताने तारा दाबायच्या असतात, तिथे नख लागतच नाही, त्यांनी ते मुळापर्यंत कापलेलंच होतं. तरी म्हणाले, आलोच आहे तर हाही बघून घ्या. मी बघून घेतला. निरोगी आहे. तसं लिहून ठेवते: डावा हात, निरोगी.

ते जाताना सोनुन उगाच खोकत होती. मी तिला म्हटलं, केसांचा स्प्रे जपून मार.

७ मार्च, गुरुवार

उद्या आठ मार्च, महिला दिन. गावातल्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी नखं हवीत. सकाळपासून चौदा हात. दोघी जणी परत पाठवल्या, एकीच्या नखाभोवती सूज होती, दुसरीला जुन्यावरच नवं चढवून हवं होतं. सोनुन चिडली, एजे, दुकान आहे की दवाखाना? चिडू दे.

दुपारी आगाय ट्यूलिप घेऊन आले. दुकानातल्या सगळ्या बायकांना शुभेच्छा म्हणाले. सोनुनला एक, ड्रायरखाली बसलेल्या म्हातारीला एक, हालिमाला एक. उरलेली सात मला दिली, ती परत कुठे नेणार म्हणून.

१२ मार्च, मंगळवार

नख तयार झालं आणि आज ऍक्रिलिक बसवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड नख. बायकांचं नख दिसायला हवं असतं, हे वाजायला हवं. आधी बारीक फाइलने फक्त चमक काढली, जोर अजिबात नाही. मुळाच्या कातडीला ब्रश लागू दिला नाही. थर पातळ, टोक किंचित गोल. दोनदा उतरवून तिसऱ्यांदा जमलं.

आगायनी कोमुज सोबत आणलं होतं. खुर्चीत बसूनच वाजवून पाहिलं. सोनुनने ड्रायर बंद केला. डोक्याला फॉइलच्या पुड्या लावलेल्या दोन बायका तशाच वळून बसल्या. घोडा टेकडी उतरतोय असं काहीतरी होतं ते. वाजवताना त्यांची मान जराशी डावीकडे झुकते. संपलं तेव्हा मी म्हटलं, कडेला जरा खरखर येतेय, अजून घासू का?

ते बराच वेळ कोमुज पुसत बसले. मग म्हणाले, "कालिपा, आपल्या वयात नवं काही सुरू करायचं म्हणजे उशीर झालाय असं वाटतं का तुम्हाला?"

मी त्यांना धीर दिला. वयाबरोबर नख हळू वाढतं, पण वाढतं. तेलात खंड पडू देऊ नका.

आवरताना सोनुनने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मीच काहीतरी सांडलं.

२१ मार्च, गुरुवार

नवरूज. दुकान बंद. बेगायिमबरोबर चौकात गेले. भल्या मोठ्या कढईत सुमोलोक, म्हणजे मोड आलेल्या गव्हाची खीर, रटरटत होतं, बायका आळीपाळीने ढवळत होत्या. आगाय तिथे मुलांना घेऊन आले होते, चाळीस पोरं आणि चाळीस कोमुज. लांबून त्यांनी तर्जनी वर करून दाखवली. मी मान हलवली. बेगायिमने विचारलं, आपा, हे काय? म्हटलं, नख शाबूत आहे असं सांगतायत. ती म्हणाली, हो का, आणि पुढचा तासभर स्वतःशीच हसत होती. हल्लीच्या पोरींना हसायला काहीही चालतं.

२ एप्रिल, मंगळवार

तीन आठवड्यांनी नख पुढे सरकतं आणि मुळाशी जागा पडते, ती भरायची. त्याला आम्ही भरणी म्हणतो. आज आगायची पहिली भरणी होती.

भरताना ते बोलत होते. बायको गेल्याला सात वर्षं झाली, मुलगा दूर कामाला, घरी चहा एकट्यापुरता करायला गेलं की हमखास जास्त होतो. मग म्हणाले की रविवारी तळ्यावर जाणार आहेत, तिथे बर्फ वितळून किनारा मोकळा झालाय, गाडीत एक जागा रिकामी आहे.

मी म्हटलं, जा, हवा चांगली आहे, पण पाण्यात हात घालणार असाल तर हातमोजे घाला.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. टोकाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तार लागते, तिथे ऍक्रिलिक केसभर सुटल्यासारखं दिसलं. नियम असा की सुटलेला भाग पूर्ण काढायचा, कोरडं करायचं, मगच नवं. मला ते दिसलं होतं. पण ते बायकोबद्दल सांगत होते आणि मधेच मशीन लावणं मला बरं वाटेना. वरून भरून टाकलं. केसभरच होतं.

९ एप्रिल, मंगळवार

केसभर नव्हतं.

आगाय आज आले, काम काही नव्हतं, असंच. हात उजेडात धरला आणि कोपऱ्यापासून चारेक मिलिमीटर आतपर्यंत ऍक्रिलिकखाली हिरवट डाग दिसला, वाटाण्याच्या सालाच्या रंगाचा. फटीत पाणी अडकलं की जंतू वाढतात, बाईंनी चित्र दाखवलं होतं. चित्रात पाहणं वेगळं.

लगेच उतरवलं. फॉइल गुंडाळून वीस मिनिटं बसलो होतो, तेवढ्यात मी काय बोलायचं ते ठरवत होते. माझ्या मनात आलं की म्हणावं, तुम्ही हातमोजे घातले नसतील. लाज वाटते लिहायला, पण आलं मनात. आणि त्याच क्षणी ते स्वतःच म्हणाले की चूक त्यांचीच, रविवारी तळ्यावर मासे धुतले, हातमोजे गाडीतच राहिले.

सुटले असते मी. पण तो हात माझ्या हातात होता.

मी म्हणाले, "आगाय, मागच्या वेळी कोपरा सुटलेला मला दिसला होता. तो काढायला हवा होता. मी वरून भरला. चूक माझी आहे."

त्यांनी बोट दिव्याखाली फिरवून पाहिलं. मग विचारलं, आज पुन्हा बसवता येईल का, कार्यक्रमाला साडेसहा आठवडे राहिलेत, सवय मोडेल. मी नाही म्हटलं. नख वाढून डाग टोकाशी येईपर्यंत वर काही नाही, आत ओल राहिली तर पूर्ण नख जाईल. त्वचेच्या डॉक्टरना दाखवा, कोरडं ठेवा. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं. त्यांनी टोपी घेतली आणि मान लववून निघून गेले. दारात हात पुन्हा कोटाच्या खिशात.

सोनुनने आज न सांगताच माझं टेबलही पुसून ठेवलं. मला तिची थट्टा बरी वाटली असती.

१३ एप्रिल, शनिवार

हालिमाची भरणी. तिची नखं उत्तम. खालची स्वतःची नखं गुलाबी झालीयत, पापुद्रे गेले. हातमोजे घालून नूडल्स कापते म्हणून बाजारात तिला आता 'डॉक्टर हालिमा' म्हणतात. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता.

बेगायिमने औषधाच्या दुकानातून बातमी आणली की आगाय डॉक्टरकडे गेले होते, डॉक्टर म्हणाले योग्य वेळी उतरवलं, वरवरचंच आहे. औषध घेऊन गेले.

२२ एप्रिल, सोमवार

तेरा दिवस झाले. आले नाहीत. दुसऱ्या दुकानात जाऊन बसवून तर घेतलं नसेल ना? तसं केलं असेल तर नख जाईल. मला काळजी फक्त नखाची आहे. जेवणात दोनदा मीठ घातलं. बेगायिमने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, आपा, एवढी काळजी आहे तर शाळेत जाऊन बघून ये. मी म्हटलं, कारागीर गिऱ्हाइकाच्या दारी जात नाही. ती म्हणाली, डॉक्टर जातात.

२५ एप्रिल, गुरुवार

गेले. पिशवीत फाइल, तेल, कापूस. हे तपासणीसाठी जाणं होतं म्हणून चांगला निळा कोट घातला, कारण रोजचा धुवायला टाकला होता.

संगीतशाळेत वरच्या मजल्यावर शेवटची खोली. दाराबाहेर थांबले. आतून कोमुज ऐकू येत होतं, पण ते त्या दिवसासारखं नव्हतं. आवाज बुटका, मऊ. कोणीतरी उशीखाली वाजवतंय असा. एकच तुकडा, पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच जागी अडकायचा. वाटलं एखादा नवशिका असेल. दार ढकललं तर आगाय एकटे. तर्जनी उघडी. नख न लावता बोटाच्या मांसाने वाजवत होते.

म्हणजे दुसरीकडे गेले नव्हते. मला एवढं हायसं वाटलं की मी नमस्कार करायलाच विसरले.

म्हणाले की ते रागावले नव्हते. इतकं वाईट वाजतंय ते मला ऐकू जाऊ नये म्हणून दुकानात येत नव्हते. मी विचारलं, मला ऐकून काय कळणार? तर ते म्हणाले, तुम्हाला त्या दिवशी कडेची खरखर ऐकू आली, माझ्या तीस वर्षांतल्या एकाही विद्यार्थ्याला आली नसती.

नख पाहिलं. डाग फिका पडलाय आणि पुढे सरकलाय. कडा रेशमी फाइलने, एकाच दिशेने, सारखी केली. तेल लावलं. ठरवलं की मीच दर गुरुवारी शाळेत येईन, त्यांचे तालमीचे तास वाया जाऊ नयेत म्हणून.

येताना ते जिन्यापर्यंत नाही, फाटकापर्यंत पोचवायला आले.

९ मे, गुरुवार

महिन्याभरात नख जवळजवळ तीन मिलिमीटर वाढलंय. त्यातला मागचा भाग असा स्वच्छ आणि घट्ट आलाय की मी उजेडात धरून बघतच राहिले. गेल्या वर्षभरात त्या बोटाला असं नख आलं नसेल. बोटाच्या मांसाने वाजवणंही सुधारलंय. आता तो तुकडा अडकत नाही. मुलं दाराच्या फटीतून बघतात आणि पळतात.

मी घरून बोरसोक, म्हणजे आंबवलेल्या कणकेचे तुकडे, तळून नेले होते, उरलेच होते म्हणून. बेगायिम म्हणाली, उरलेत कसे, आत्ता तर तळलेस. तिला स्वयंपाकातलं काही कळत नाही.

१६ मे, गुरुवार

डाग अगदी टोकाला आलाय. पुढच्या आठवड्यात कापला जाईल.

आज आगाय खिन्न वाटले. नखाकडे बघत म्हणाले, "कालिपा, असं उघडं, एकटं अजून किती दिवस राहायचं?"

मी सांगितलं, डाग गेल्यावर निदान दोन आठवडे तरी, वर काहीही न लावता. त्यालाही हवा मिळायला पाहिजे.

ते इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. म्हणाले, बरं, दोन आठवडे. माणसाची मनःस्थिती अशी क्षणात बदलते, याला काय म्हणावं?

२४ मे, शुक्रवार

सकाळी सात वाजता शाळेत जाऊन शेवटचा हिरवा कोपरा कापला. कापलेला तुकडा नखाएवढा नाही, नखाच्या चंद्रकोरीएवढाही नाही. दोघांनी मिळून त्याच्याकडे पाहिलं आणि मी तो खिडकीतून फेकला. उरलं ते त्यांचं स्वतःचं नख. आखूड, बोटाच्या पुढे जेमतेम तांदळाच्या दाण्याइतकं. त्यांनी विचारलं, पुरेल? मी खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, माहीत नाही.

सभागृह गच्च. मी, बेगायिम, सोनुन आणि हालिमा तिसऱ्या रांगेत. आधी चाळीस मुलं वाजवून गेली. मग आगाय एकटे आले. माझे तळवे असे ओले की मी ते स्कर्टवर पुसत होते. त्यांचं नख मोडलं तर त्यांच्या तीस वर्षांचा शेवट माझ्या हाताने बिघडणार होता. त्या दोन मिनिटांत मी पुन्हा शिवणाच्या कारखान्यात जायचं ठरवलं, तो बंद झालाय हेही विसरून.

त्यांनी सुरू केलं ते बोटाच्या मांसाने. इतकं हळू की मागच्या रांगेतलं बाळ गप्प झालं. मग मधेच नख आलं. एखाद्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडावं तसा आवाज मोठा झाला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. आधी नुसतं नख होतं तेव्हा एकच आवाज होता. आता त्यांच्याकडे दोन होते. दीड महिना उघड्या बोटाने घासल्यावर आलेला दुसरा. मान डावीकडे झुकली होती.

संपल्यावर लोक उठून उभे राहिले. मीही उभी राहिले आणि का कोण जाणे बसायचं सुचेना. सोनुनने कोट ओढून बसवलं. रडतेस का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, ऍसिटोनची सवय गेली की डोळ्यांना असं होतं. हे तिला पटलेलं दिसलं नाही.

२८ मे, मंगळवार

आगाय दुकानात आले, दोन्ही हात उघडे, कोट नाहीच, ऊन पडलंय. मी नख तपासलं आणि जे खरं ते सांगितलं. हे आता सशक्त आहे. ऍक्रिलिकची गरज उरलेली नाही. पुढे हवंच असेल तर आखूड आणि पातळ लावू, नाही लावलंत तरी चालेल. घरच्या घरी तेल लावा. माझ्याकडे यायची गरज नाही.

सांगून झालं आणि टेबल मोकळं मोकळं वाटलं.

ते खुर्चीवरून उठले नाहीत. सोनुनकडे पाहिलं, सोनुनने आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले की त्यांची थोरली बहीण शनिवारी खेड्यातून येणार आहे, तिचे हात मी बघेन का. मी अकराची वेळ लिहून घेतली. नाव बाल्बुबू, वय त्र्याहत्तर.

१ जून, शनिवार

हे सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

अकरा वाजता बाल्बुबू-आपा आल्या (वडीलधाऱ्या बाईलाही आम्ही आपाच म्हणतो). पांढरा रुमाल, हातात गाठोडं. नमस्कार-चमत्कार झाले. आयुष्यभर गाई-घोड्यांच्या धारा काढलेले हात, नखं शिंपल्यासारखी जाड आणि स्वच्छ. मला म्हणाल्या, "मला पण लाव त्या शहरी बायकांसारखी." मी म्हटलं, आपा, तुमच्या नखांवर लावणं म्हणजे दगडी भिंतीला कागद चिकटवणं. यांना काही करायची गरज नाही. फक्त कोमट पाण्याने मऊ करून, कडा सारख्या करून, तेल लावून दिलं. त्या सगळा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हातांकडे एकदाही नाही. विचारलं, नवरा जाऊन किती वर्षं झाली? नऊ. मुलगी लग्नाची? तिला एक मुलगा आवडतो, मला माहीत नाही असं तिला वाटतं. (हे ऐकून सोनुनच्या हातातला कंगवा पडला.) मीठ किती घालतेस? मी म्हटलं, हल्ली चुकतं.

मग त्यांनी आपला एक हात सोडवून घेतला, गाठोडं उघडलं आणि चांदीची कर्णफुलं काढली. आमच्याकडे सासरची थोरली बाई ती ठरलेल्या नवरीच्या कानात घालते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझा हात तेलाच्या बाटलीवर तसाच राहिला.

"आमचा एस्तेबेस भित्रा नाही," त्या म्हणाल्या. "पण म्हणतो, ताई, मला तिच्याशी बोलता येत नाही. मी काही विचारलं की ती नखाचं सांगते."

सोनुन हसत हसत खुर्चीत कोसळली. दार उघडलं तर बेगायिम, दोन हातांत बोरसोकचं भांडं, मागे हालिमा. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजाराला ठाऊक होतं. फक्त मी बावळट, दर आठवड्याला वहीत लिहून ठेवत होते आणि वाचत नव्हते.

मी बेगायिमकडे पाहिलं. ती भांडं ठेवून माझ्याजवळ आली, माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि म्हणाली, "आपा, आता तरी मीठ नीट पडेल."

मी आपांना म्हटलं, थोडं थांबा, आणि हात न पुसताच बाहेर आले. आगाय रस्त्यापलीकडे चिनाराखाली उभे होते, शाळकरी मुलाला वर्गाबाहेर काढावं तसे. मी विचारलं की स्वतः का नाही विचारलं? म्हणाले, विचारलं, तीनदा. बरोबर होतं. तिथे उभ्या उभ्या मला तिन्ही वेळा आठवल्या आणि मान वर करवेना.

मग मी म्हटलं, "एस्तेबेस, मला आणखी एकदा विचारा. या वेळी मी नीट ऐकते."

भर दुपार होती. रस्त्यावरून बटाट्यांची गाडी चालली होती, गाडीवाला थांबून बघायला लागला. दुकानाच्या काचेला चार नाकं चिकटली होती. त्यांनी टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा घातली, आणि विचारलं, अगदी साध्या शब्दांत. ते शब्द मी इथे लिहिणार नाही, ही वही गिऱ्हाइकांच्या नोंदींची आहे.

मी हो म्हटलं. बटाटेवाल्यानेच आधी टाळ्या वाजवल्या.

उद्या दुसरी वही आणायला हवी.